वीस मेगाहर्ट्झची एक ओळ: ड्रायव्हरला वायर कशी सांगायची?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच जवळपास ठेवलंय.)

छत्रपती संभाजीनगरहून बोलतोय. हेडफोन लावलेत ना? मग सुरुवात तुमच्या कानापासूनच करू.

माझा आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. माइकने त्याचं व्होल्टेज केलं. मग एका चिपने त्या व्होल्टेजचे आकडे केले. ती एडीसी, म्हणजे अ‍ॅनालॉग टू डिजिटल कन्व्हर्टर. आकड्यांची फाइल झाली, ती तुमच्या फोनवर आली. तिथे दुसऱ्या चिपने, डीएसीने, आकड्यांचं परत व्होल्टेज केलं आणि हेडफोन हलला. म्हणजे आत्ता तुमच्या-माझ्यामध्ये किमान दोन कन्व्हर्टर उभे आहेत. फोनची बॅटरी किती टक्के राहिली, हे कळायलासुद्धा आत कुठेतरी व्होल्टेज मोजणारा कन्व्हर्टर लागतोच.

आजचा विषय त्या चिपच्याही एक पायरी खालचा आहे. चिप आणि प्रोसेसर यांच्यामध्ये ज्या वायरी असतात, त्यांना बस म्हणतात. सिडको बसस्टँडवरची नाही, डेटा नेणारी बस. ही बस कशी जोडली आहे, किती वेगाने चालते, हे ऑपरेटिंग सिस्टीमला कोण सांगतं? आणि चुकीचं सांगितलं तर काय होतं?

विषय कोरडा वाटेल. पण माझ्या एका चुकीच्या ओळीमुळे वाळूजमधल्या एका माणसाला तीन दिवस घरी बसवलं होतं. म्हणून हा भाग करतोय.

नेमकं काय झालं

मी तेव्हा एका छोट्या कंपनीत होतो. नाव घेत नाही. आम्ही पॉवर प्रेससाठी टनेज मॉनिटर बनवायचो. प्रेसच्या चार खांबांवर स्ट्रेन गेज लावायचे, त्यांचा सिग्नल १६ बिटच्या एडीसीला द्यायचा आणि लिनक्स चालणाऱ्या छोट्या बोर्डावर तो वाचायचा. लोड मर्यादेबाहेर गेला की प्रेस थांबवायची आणि लॉगमध्ये वेळ, शिफ्ट, ऑपरेटर नोंदवायचा.

एक १०० टनी प्रेस होती. जॉब साधारण ६० टनाला निघायचा. मे महिना. दुपारी तीनच्या शिफ्टला ओव्हरलोडचे अलार्म यायला लागले. आकडा १८८ टन, १८७ टन, असा. लॉगमध्ये दर वेळी एकच ऑपरेटर. वयाने मोठे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. सुपरवायझरने निष्कर्ष काढला की मामा डाय नीट सेट करत नाहीत किंवा दोन ब्लँक एकदम घालतात. तीन दिवस घरी.

मी कारखान्यात पोचलो, तेव्हा गेटपाशीच मामा भेटले. म्हणाले, "सर, अठरा वर्षं झाली प्रेस चालवतोय. १८८ टन आले असते तर डाय फुटली असती. डाय बघा की जाऊन."

मी डाय बघितली. धड होती. पण खरं सांगतो, तेव्हाही मला वाटलं की मशीन कशाला खोटं बोलेल?

मामा घरी होते, त्यांच्या जागी दुसरा मुलगा उभा होता. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी चारला अलार्म आलाच. तेव्हा मी कच्चा डेटा काढला.

कच्चा डेटा काय म्हणत होता

आधी थोडं समजून घेऊ. लिनक्समध्ये अशा चिपसाठी एक वेगळा विभाग आहे, इंडस्ट्रियल आय-ओ, थोडक्यात आयआयओ. जोनाथन कॅमेरॉन यांनी तो सुरू केला आणि २००९ मध्ये तो कर्नलच्या स्टेजिंग भागात आला. त्याची पद्धत सोपी आहे. तो तुम्हाला दोन गोष्टी देतो. एक 'रॉ', म्हणजे चिपने दिलेला कच्चा आकडा. दुसरी 'स्केल', म्हणजे त्याला कितीने गुणायचं. ऑफसेट नसेल, तर दोन्हींचा गुणाकार केला की मिलिव्होल्ट मिळतात.

आपल्याकडे पावसाळ्यात रोज विचारतात ना, नाथसागर किती टक्के? मोजायची गोष्ट एकच, पाण्याची पातळी. धरण पूर्ण भरलं की ती १५२२ फूट असते. टक्के आणि टीएमसी हे त्या पातळीवरून काढलेले आकडे. पातळीच चुकीची वाचली गेली, तर टक्के कितीही काळजीपूर्वक काढा, उत्तर चुकणार. म्हणून शंका आली की आधी रॉ बघायचा.

आमच्या कॅलिब्रेशनमध्ये २५६ काउंट म्हणजे १ टन होतं. आम्ही सेकंदाला १००० वेळा वाचत होतो, म्हणजे दर मिलिसेकंदाला एक आकडा. अलार्मच्या आसपासचे आकडे टनात सांगतो: ५९, ६०, १८८, ६०, ५९.

दोन गोष्टी खटकल्या. पहिली: प्रेसचा लोड एका मिलिसेकंदात १२८ टन चढून पुढच्याच मिलिसेकंदात उतरत नाही. लोखंड एवढं चपळ नसतं. दुसरी: प्रत्येक अलार्ममध्ये उडी अगदी तेवढीच. १२८ टन. १२८ गुणिले २५६ म्हणजे ३२,७६८ काउंट. कॉम्प्युटरवाल्याला हा आकडा पाठ असतो. १६ बिटमधला सगळ्यात वरचा बिट.

म्हणजे लोड वाढलाच नव्हता. शून्य असलेला एक बिट वाटेत एक झाला होता. चिप बरोबर मोजत होती, वायर चुकीचं सांगत होती. आणि त्या वायरीचा वेग मी लिहिला होता.

वायर सांगावी का लागते?

तुम्ही फोनला पेनड्राइव्ह लावला, तर फोन त्याला विचारतो, "तू कोण?" यूएसबीमध्ये ती सोय आहे. पेनड्राइव्ह स्वतःची ओळख सांगतो. एसपीआय बसमध्ये ही सोय नाही. क्लॉक, जाणारा डेटा, येणारा डेटा आणि चिप सिलेक्ट, एवढ्या चार वायरी. पलीकडे कोण बसलंय, किती वेग झेपतो, क्लॉकच्या कुठल्या कडेला डेटा वाचायचा, हे प्रोसेसरला आपणहून कळत नाही. कोणीतरी लिहून ठेवावं लागतं.

पूर्वी एआरएम प्रोसेसरवर ही माहिती कर्नलच्या आतच सी भाषेत लिहायचे. प्रत्येक बोर्डाची वेगळी फाइल. बोर्ड वाढले, फाइलींचा ढीग झाला. २०११ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एआरएमच्या या पसाऱ्याबद्दल जाहीर नाराजी दाखवली आणि त्यानंतर एआरएमची मंडळी झपाट्याने 'डिव्हाइस ट्री'कडे वळली. कल्पना नवी नव्हती. ओपन फर्मवेअर नावाच्या १९९४ च्या मानकातून ती आली आणि पॉवरपीसी, स्पार्कवर आधीपासून वापरात होती.

डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डाचं वर्णन करणारी मजकुराची फाइल. तिच्यात प्रोग्रॅम नसतो, फक्त वस्तुस्थिती असते: या बसवर ही चिप आहे, तिचा चिप सिलेक्ट नंबर शून्य, रेफरन्स व्होल्टेज या रेग्युलेटरवरून येतं, इंटरप्ट या पिनवर येतो, क्लॉकचा कमाल वेग इतका. तुमचा अँड्रॉइड फोन सुरू होतो, तेव्हाही कर्नल बहुतेक वेळा अशीच फाइल वाचून ओळखतो की कुठला सेन्सर कुठे आहे.

कामाची वाटणी अशी. चिपचं ज्ञान ड्रायव्हरमध्ये: कुठलं रजिस्टर, किती बिट, कन्व्हर्जन कसं सुरू करायचं. बोर्डाचं ज्ञान डिव्हाइस ट्रीमध्ये: ही चिप इथे कशी जोडली आहे. चिप हजार बोर्डांवर तीच असते, जोडणी प्रत्येक बोर्डावर वेगळी.

एक चिप, दोन बस

याचं छान उदाहरण म्हणजे अ‍ॅनालॉग डिव्हायसेसची एडी-७६०६ ही चिप. आठ चॅनेल, १६ बिट, आठही एकाच क्षणी मोजते, सेकंदाला दोन लाख वेळा. हिशोब करा: ८ गुणिले १६ गुणिले २ लाख. सेकंदाला २ कोटी ५६ लाख बिट. एका डेटा वायरीवरून एवढं नेणं अवघड. म्हणून तिच्यावर सिरीयल डेटासाठी दोन वायरी आहेत आणि हवं असेल तर १६ वायरींची पॅरलल बसही आहे. कुठली वापरायची, ते एका पिनवर ठरतं आणि ती पिन बोर्ड बनवणारा जोडतो.

लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर तसाच विभागलाय. चिपचं समाईक काम एका फाइलमध्ये, पॅरलल बसचं दुसऱ्या, एसपीआयचं तिसऱ्या. कन्व्हर्जन सुरू करायची पिन, रिसेटची पिन, 'मी कामात आहे' सांगणारी बिझी पिन, या प्रोसेसरच्या कुठल्या पायाला जोडल्यात, ते डिव्हाइस ट्री सांगते. बिझी पिनचा इंटरप्ट आला की डेटा उचलायचा. एखादी पिन तुमच्या बोर्डावर थेट ग्राउंडला जोडली असेल, तर ती ट्रीमध्ये लिहायचीच नाही. ड्रायव्हर समजून घेतो की ती आपल्या ताब्यात नाही.

एसपीआय जिथे पुरत नाही

आता दुसरं टोक बघू, आपल्याच महाराष्ट्रातलं. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. डिशचे सिग्नल ऑप्टिकल फायबरने मुख्य इमारतीत येतात आणि तिथे त्यांचे आकडे होतात. अपग्रेडनंतर तिची बँडविड्थ ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली. नायक्विस्टचा नियम आठवा: दुप्पट वेगाने मोजावं लागतं. म्हणजे एका सिग्नलसाठी सेकंदाला किमान ८० कोटी सँपल. प्रत्येक डिशचे दोन पोलरायझेशन, म्हणजे ६० सिग्नल. एकूण सेकंदाला ४८०० कोटी सँपल!

हे कुठल्याच एसपीआयचं काम नाही. अशा ठिकाणी रस्ते दोन होतात. कंट्रोलचा रस्ता हळू, तिथे एसपीआयसारखी बस चालते. डेटाचा रस्ता वेगळा: एलव्हीडीएस नावाच्या वायरींच्या जोड्या किंवा जेसडी-२०४-बी सारख्या लेन, जिथे एका लेनवर सेकंदाला साडेबारा गिगाबिटपर्यंत जातं. तो डेटा थेट एफपीजीएमध्ये उतरतो. जीएमआरटीची डिजिटल यंत्रणाही एफपीजीए आणि जीपीयू मिळून बनली आहे.

मग लिनक्सला हे कसं सांगायचं? चिप एसपीआयवर दिसते, पण तिचा डेटा एसपीआयवरून येतच नाही. बरीच वर्षं प्रत्येक जण आपापली युक्ती काढायचा. २०२४ मध्ये आयआयओमध्ये 'बॅकएंड' नावाची चौकट आली. डिव्हाइस ट्रीमध्ये चिपच्या नोंदीत एक बाण काढायचा: माझा डेटा त्या ब्लॉककडे जातो. चिपचा ड्रायव्हर चिप सांभाळतो, बॅकएंडचा ड्रायव्हर एफपीजीएमधला ब्लॉक सांभाळतो. दोन रस्ते खरोखर दोन असतील, तर वर्णनातही दोनच दिसले पाहिजेत.

माझी ओळ

आता परत वाळूजला. चिपच्या डेटाशीटमध्ये लिहिलं होतं: क्लॉक कमाल २० मेगाहर्ट्झ. मी डिव्हाइस ट्रीमध्ये 'एसपीआय मॅक्स फ्रिक्वेन्सी'च्या पुढे तोच आकडा टाकला. दोन कोटी. टेबलावर सगळं मस्त चाललं.

२० मेगाहर्ट्झला क्लॉकचा एक फेरा ५० नॅनोसेकंदांचा. चिप एका कडेला बिट बाहेर ठेवते, प्रोसेसर पुढच्या कडेला वाचतो. मध्ये मिळतात २५ नॅनोसेकंद. आमच्या बोर्डावर काय होतं? प्रेसचा गोंगाट आत येऊ नये म्हणून एडीसी आणि प्रोसेसरमध्ये आयसोलेटर होता. क्लॉक जाताना त्याचा उशीर, डेटा येताना परत तोच उशीर. वर ४० सेंटीमीटरची फ्लॅट केबल. आणि चिपला स्वतःला लागणारा वेळ. टेबलावर डीएसओ लावून मोजलं, तेव्हा सगळं मिळून २३ नॅनोसेकंद भरलं. शिल्लक दोन.

मे महिन्यातली दुपार, पत्र्याची शेड, बंद पॅनेल. चिप तापली की तिचा उशीर वाढतो. पहिल्या बिटाला तर आणखी त्रास, कारण चिप सिलेक्ट होईपर्यंत डेटाची वायर मोकळी असते आणि आमच्या बोर्डावर ती पुलअपने 'एक'वर ओढलेली होती. चिपने शून्य ठेवायच्या आत प्रोसेसरने वाचलं की पहिला बिट एक. पहिला बिट म्हणजे ३२,७६८. म्हणजे १२८ टन.

म्हणून अलार्म फक्त दुपारच्या शिफ्टला. ती शिफ्ट मामांची होती, एवढाच त्यांचा दोष.

खात्री करायला ताईचा हेअर ड्रायर आणला. टेबलावरचा बोर्ड तापवला. दहा मिनिटांत १८८ टन. प्रेस नाही, डाय नाही, मामा नाहीत, तरी १८८ टन.

तपासणीत ओळ पास झाली होती

लिनक्समध्ये प्रत्येक चिपच्या वर्णनाचे नियम लिहिलेले असतात, त्यांना बाइंडिंग म्हणतात. आता ते वायएएमएल फॉरमॅटमध्ये असतात आणि तुमची फाइल त्या नियमांशी आपोआप तपासून घेता येते. स्पेलिंग चुकलं, आवश्यक नोंद राहिली, वेग कमाल मर्यादेपेक्षा जास्त लिहिला, तर ते पकडतं.

माझी फाइल पास झाली होती. चिपची मर्यादा २०, मी लिहिले २०. नियमाप्रमाणे बरोबर. पण नियम लिहिणाऱ्याला माझा आयसोलेटर माहीत नव्हता, माझी केबल माहीत नव्हती, संभाजीनगरचा मे महिना माहीत नव्हता. ते फक्त मला माहीत होतं आणि ते लिहायची जागा तीच होती. मी तिथे चिपची जाहिरात लिहून मोकळा झालो.

आणि गंमत म्हणजे तेवढा वेग लागतच नव्हता. ४ चॅनेल, १६ बिट, सेकंदाला १००० वेळा, म्हणजे ६४ हजार बिट. मी तीनशेपट वेग लिहिला होता, कशासाठी? कारण डेटाशीटमध्ये होता. ती ओळ २ मेगाहर्ट्झ केली. आता २५ ऐवजी २५० नॅनोसेकंद मिळायला लागले. पुढच्या बोर्डावर केबल छोटी केली. अलार्म बंद झाले.

तुम्ही काय करायचं

तुमच्यापैकी बरेच जण डिप्लोमा, बीटेकच्या प्रोजेक्टला रास्पबेरी पाय आणि एमसीपी-३००८ ही एडीसी वापरता. तिची डेटाशीट उघडून बघा. ५ व्होल्टवर क्लॉक कमाल ३.६ मेगाहर्ट्झ. २.७ व्होल्टवर १.३५. चिप तीच, मर्यादा वेगळी. पायवर तुम्ही ती ३.३ व्होल्टवर चालवणार. मग कुणाच्या तरी कोडमधला आकडा उचलण्याआधी बघा की तो किती व्होल्टसाठी लिहिलाय.

माझ्या चार सवयी सांगतो, या प्रकरणानंतर लागलेल्या.

एक: आधी गरज काढायची. चॅनेल गुणिले बिट गुणिले सँपल. मग वेग ठरवायचा.

दोन: डेटाशीटच्या आकड्यातून स्वतःच्या बोर्डावरचे उशीर वजा करायचे. आयसोलेटर, लेव्हल शिफ्टर, केबल, सगळे.

तीन: चिपमध्ये सीआरसीची सोय असेल तर ती सुरू करायची. बिट वाटेत बदलला तर निदान कळेल.

चार: उडी दोनच्या घातात दिसली, ३२,७६८, १६,३८४ अशी, किंवा आकडा नेमका दुप्पट वा निम्मा आला, तर सेन्सरच्या आधी बसवर संशय घ्यायचा. क्लॉकचा मोड चुकला की आकडा एक बिट सरकतो, आणि एक बिट सरकणं म्हणजेच दुप्पट किंवा निम्मं.

शेवटी

मी सगळं लिहून कंपनीला आणि त्या कारखान्याला मेल केली. ग्राफ जोडला. स्पष्ट लिहिलं की चूक ऑपरेटरची नाही, आमच्या सेटिंगची आहे. मामा तोवर कामावर परत आले होते. भेटलो, माफी मागितली. म्हणाले, "जाऊ द्या सर. मशीन तर सुधारलं ना?" लॉगमधल्या त्यांच्या नावापुढच्या नोंदी मी काढायला लावल्या. तीन दिवसांच्या पगाराचं मात्र तेव्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मेलमध्ये ग्राफच्या खाली ती एक ओळसुद्धा असायला हवी होती.

तेव्हापासून डिव्हाइस ट्रीमध्ये आकडा लिहिताना मी स्वतःला विचारतो, हा चिपचा आहे की माझ्या बोर्डाचा? मोजलाय की उतरवलाय? कारण वरच्या टोकाला, ॲपवर, डॅशबोर्डवर, लॉगमध्ये, कोणी हा प्रश्न विचारत नाही. तिथे फक्त आकडा दिसतो आणि त्याच्या शेजारी कुणाचं तरी नाव.

चला, आज इथेच थांबतो. तुमच्या प्रोजेक्टमध्ये असा एखादा विचित्र आकडा आला असेल, तर नक्की लिहून पाठवा, शक्य असेल तर कच्च्या डेटासकट. एपिसोड आवडला तर हॉस्टेलवरच्या त्या मित्राला पाठवा, ज्याची एडीसी कालपासून दुप्पट रीडिंग देतेय. भेटूया पुढच्या भागात.